खनिजांचे थेंब, शिलाजीत आणि चुना : घ्यावेत की घेऊ नयेत?

खानापूरची_सून
नमस्कार. आमच्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांना मधुमेह आहे, थायरॉईडची गोळी चालू आहे आणि गेल्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) थोडे वाढलेले निघाले. नात्यातल्याच एका बाईंनी गावात घेतलेल्या आरोग्य शिबिरातून त्यांनी खनिजांच्या थेंबांची बाटली आणली आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूस डोंगराचे चित्र आहे आणि त्याखाली "७२ नैसर्गिक खनिजे" असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत "खनिज मिश्रण ५०० मिलिग्रॅम" एवढेच आहे, कोणते खनिज किती याचा पत्ता नाही. दिवसातून दोनदा दहा-दहा थेंब पाण्यातून घ्यावेत, साखरही उतरते आणि गुडघेही सुधारतात, असे त्यांना सांगण्यात आले आहे. त्याशिवाय शेजारच्या आजींच्या सांगण्यावरून गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घेणे सुरू आहेच.
मी विरोध केला की "तुमच्या गोळ्या रासायनिक, हे मात्र निसर्गाचे" असे उत्तर मिळते. विकणारी व्यक्ती नात्यातली असल्यामुळे घरात उघड बोलणेही अवघड झाले आहे. यात खरोखर काही लाभ आहे का, आणि धोका असल्यास नेमका कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

निपाणीचा_औषधवाला
ताई, सर्वांत आधी एक करा. ती बाटली आणि सासूबाईंचे ताजे रिपोर्ट घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि तोवर थेंब बंद ठेवा. बाकी चर्चा सावकाश होऊ शकते, पण क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाने मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम आपल्या मनाने घेणे हे पुढे ढकलण्यासारखे प्रकरण नाही.
आता थेंबांविषयी. या प्रकारचे बहुतेक थेंब म्हणजे समुद्राचे किंवा खाऱ्या सरोवराचे पाणी आटवून त्यातले मीठ काढून घेतल्यावर उरणारे कडवट द्रावण असते आणि त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असते. उरलेली खनिजे इतकी नाममात्र असतात की "७२" या आकड्याला पोषणाच्या दृष्टीने अर्थ राहत नाही. शरीराला आवश्यक म्हणून सिद्ध झालेली खनिजे विसाच्या आतच आहेत. उरलेल्या पन्नासेक नावांत काय येते याचा विचार केला, तर निसर्गात शिसे आणि आर्सेनिकही आहे, हे लक्षात येईल. निरोगी मूत्रपिंड जादा मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकते, पण मूत्रपिंड अशक्त असेल तर ते रक्तात साठते आणि रक्तदाब उतरणे, स्नायूंत शक्ती न राहणे, हृदयाचे ठोके मंदावणे इथपर्यंत मजल जाते.
दुसरी गोष्ट लेबलाची. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक हवा, प्रत्येक घटकाचे प्रमाण हवे आणि ती औषधी वापरासाठी नाही असे स्पष्ट लिहिलेले हवे. ज्या वस्तूवर असे लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे, तीच वस्तू शिबिरात "साखर उतरवते" म्हणून खपवली जाते. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास तर १९५४ च्या जादूई उपचारविरोधी कायद्यानेच मनाई आहे.
चुन्याविषयी अथणीच्या बाईंनी लिहावे. त्या रसायनशास्त्र शिकवतात.

हुक्केरीकर
औषधवाल्यांचा आदर ठेवून लिहितो. मी स्वतः असेच थेंब घेतो आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येणे बंद झाले आहे. दवाखान्यात कॅल्शियमची गोळी दिली होती, तिने पोट फुगायचे. आमचे आजोबा-पणजोबा सैंधव, शिलाजीत, भस्मे घेऊनच नव्वदी गाठत होते. प्रत्येक पारंपरिक गोष्टीला विष ठरवायचे आणि दुकानातल्या गोळ्यांना अमृत म्हणायचे, यात औषध दुकानदारांचा स्वार्थ नाही का?

निपाणीचा_औषधवाला
हुक्केरीकर, स्वार्थाचा मुद्दा मान्य करतो, पण तो दोन्ही बाजूंना लावा. माझ्या दुकानात मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्याही गरज नसलेल्या माणसांना विकल्या जातात आणि त्यावरचा नफा थेंबांपेक्षा फार कमी नसतो. करोनाच्या काळात जस्ताच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या लोकांनी महिनोन् महिने घेतल्या. प्रौढांसाठी जस्ताची सुरक्षित वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम मानली जाते. त्याहून अधिक दीर्घकाळ घेतल्यास शरीरातले तांबे कमी होते, त्यातून रक्तक्षय होतो आणि हातापायांना मुंग्या येतात. या गोळ्या "रासायनिक" होत्या, सरळ दुकानातल्या होत्या आणि तरीही जादा झाल्या. त्यामुळे माझा आक्षेप निसर्गाला नाही, मोजमाप नसलेल्या बाटलीला आहे.
तुमच्या पोटऱ्यांविषयी सांगायचे तर आहारात मॅग्नेशियम कमी पडत असेल तर थेंबांनी फरक पडू शकतो. मात्र वयस्क माणसांना रात्री येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा विशेष उपयोग होत नाही, असेच आजवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो. अनेकांचे गोळे आपोआप कमी-जास्त होत राहतात. मूत्रपिंड ठीक असेल आणि जुलाब होत नसतील तर तुम्हाला मोठे नुकसान होईल असे मी म्हणत नाही. कॅल्शियम कार्बोनेटने पोट फुगते ही तक्रार खरी आहे. ते जेवणाबरोबर घ्यावे किंवा डॉक्टरांना विचारून कॅल्शियम सायट्रेट घ्यावे. सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम कमी असते, कार्बोनेटच्या ४० टक्क्यांच्या तुलनेत सुमारे २१ टक्के, पण ते रिकाम्या पोटीही शोषले जाते.

अथणीची_शिक्षिका
चुन्याचा हिशेब मांडते, कारण तो मोबाइलवर दर आठवड्याला फिरतो आणि आमच्या शिक्षककक्षातही त्यावर वाद होतात. विड्याला लावायचा चुना म्हणजे पाण्यात कालवलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या वजनाच्या ५४ टक्के कॅल्शियम असते. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना घेतला तर त्याचे वजन साधारण ६० मिलिग्रॅम धरू आणि त्यात निम्मे पाणी आहे असे समजू. उरलेल्या ३० मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम सुमारे १६ मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे दाण्याएवढ्या चुन्याने गरजेच्या दोन टक्केही भागत नाही. ज्या ताकातून तो घेतला जातो, त्या वाटीभर ताकातच त्याहून कितीतरी अधिक कॅल्शियम असते, पण श्रेय चुन्याला जाते.
भर पडावी म्हणून चुना वाढवला तर तो दाहक आहे. तोंडाची आणि अन्ननलिकेची आतली त्वचा त्याने भाजते. तंबाखूबरोबर चुना चोळतात त्यामागेही हाच क्षारीय गुण असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातून झटकन शोषले जाते. तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीच्या बाजूच्या लोकांना हे निराळे सांगायला नको.
याउलट आपल्या भागात जे सहज मिळते ते पाहा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. खानापूर आणि चंदगडच्या बाजूला तर नाचण्याची भाकरी आणि आंबील घरोघरी आहे. पीठ रात्रभर आंबवल्याने किंवा नाचणी मोड आणून दळल्याने कॅल्शियम अडवून धरणारे फायटेट कमी होते, म्हणून आंबील ही नुसत्या भाकरीपेक्षाही सरस. तिळात १०० ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे. दोन चमचे तिळाची चटणी चुन्याच्या कित्येक दाण्यांना भारी पडते.

वैद्य_शहापूर
मी आयुर्वेदाचा पदवीधर असून बेळगावात शहापूर भागात चिकित्सा करतो. वरची चर्चा एकंदर संतुलित असली, तरी "पारंपरिक" या एकाच टोपलीत थेंब, चुना, शिलाजीत आणि भस्मे टाकली जात आहेत, ते मला पटत नाही.
थेंबांचा आयुर्वेदाशी काहीही संबंध नाही. ते अलीकडच्या काळात बाहेरून आलेले आणि साखळी विक्रीने पसरलेले उत्पादन आहे. भस्मांतही दोन वर्ग आहेत. शंख, कवडी, प्रवाळ, मोती आणि गोदंती ही कॅल्शियमयुक्त द्रव्ये आहेत. त्यांचे भस्म किंवा पिष्टी आम्लपित्तात वापरली जाते आणि योग्य मात्रेत ती बहुधा सौम्य असते. दुसरा वर्ग धातूंचा. त्यात लोह आणि मंडूर आहेत, यशद म्हणजे जस्त आहे, तसेच नाग म्हणजे शिसेही आहे आणि कज्जलीच्या, म्हणजे पारा-गंधकाच्या काजळीच्या रूपाने पारा आहे. या द्रव्यांचे शोधन (शुद्धी), मारण (भस्म करणे) आणि पुन्हापुन्हा पुटे देणे, म्हणजे अग्नीत भाजणे, ही दीर्घ प्रक्रिया आहे. भस्म बोटाच्या रेषांत भरले पाहिजे, पाण्यावर तरंगले पाहिजे, त्यातून धातू पुन्हा जिवंत होता कामा नये, अशा परीक्षा ग्रंथांत सांगितल्या आहेत. अशी धातू-पाऱ्याची रसौषधी वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी, अशी सूचना औषध नियमांनुसार वेष्टनावर छापावी लागते. आठवडी बाजारात पुडीत बांधून मिळते ते भस्म नव्हे.
शिलाजिताविषयी : चरकांनी सुवर्ण, रजत, ताम्र आणि लोह असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. शुद्ध शिलाजीत पाण्यात टाकले असता तंतू सोडत खाली उतरते आणि निखाऱ्यावर धूर न देता उभे राहते. आज ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक डब्यांतील द्रव्य या साध्या परीक्षांनाही उतरत नाही. आणखी एक पथ्य इथल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे. शिलाजीत चालू असताना कुळीथ वर्ज्य सांगितला आहे आणि आपल्याकडे तर हुलग्याचे माडगे आठवड्यातून दोनदा होते.

अथणीची_शिक्षिका
वैद्यबुवा, आपण वर्ग वेगळे करून सांगितले हे फार बरे झाले, पण भस्माच्या परीक्षांविषयी एक शंका आहे. रेखापूर्ण (बोटाच्या रेषांत भरण्याची) आणि वारितर (पाण्यावर तरंगण्याची) या परीक्षांवरून भस्म किती सूक्ष्म झाले ते कळते. अपुनर्भव परीक्षेवरून धातू मूळ रूपात उरला नाही हे कळते. यांपैकी कोणत्याही परीक्षेने शिसे नाहीसे झाले असे सिद्ध होत नाही. नागभस्मातले शिसे सल्फाइड किंवा ऑक्साइड रूपात असले, तरी शिश्याचा अणू हा शिश्याचाच राहतो आणि जठरातल्या आम्लात त्याचा काही अंश विरघळू शकतो. कितीही पुटे दिली तरी मूलद्रव्य बदलत नाही. मग "मारलेले शिसे" निर्विष होते हे आपण कशाच्या आधारावर म्हणता?
अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. २००८ साली त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे २१ टक्क्यांत हे धातू सापडले. त्यातली काही भारतात तयार झालेली होती, काही अमेरिकेतच.

वैद्य_शहापूर
प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देणार नाही. आमची भूमिका अशी की भस्मात धातू संयुगरूपात असतो, मात्रा गुंजांत मोजली जाते, अनुपान, म्हणजे औषधासोबत घ्यायचा पदार्थ, ठरलेले असते आणि औषध ठरावीक काळानंतर थांबवले जाते. त्या अभ्यासांत द्रव्ये नियमाप्रमाणे तयार झाली होती का आणि ती कोणत्या मात्रेत घेतली जात होती, हे पाहिलेले नव्हते. तरीही शिश्याच्या बाबतीत आपला मुद्दा मला खोडता येत नाही, म्हणून मी माझ्या चिकित्सेत नागभस्म आणि त्रिवंगभस्म वापरत नाही. त्रिवंगात नाग, वंग म्हणजे कथील आणि यशद असे तिन्ही असतात आणि ते प्रमेहावर, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांवर, दिले जाते. मधुमेहाची म्हणून जी बिननावाची पुडी दिली जाते, तिच्यात ते असण्याची शक्यता असते, हे या धाग्यावरच्या मधुमेही वाचकांनी जरूर ध्यानात घ्यावे. माझ्या व्यवसायातील अनेकांना हे मत आवडणार नाही.
बेळगावातच नेहरूनगरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था आहे. असे प्रश्न भावनेने नव्हे, तपासणीने सुटावेत, अशी माझी इच्छा आहे.

चिकोडी_रोड
पुडीवरून लिहितो. आमच्या चुलत्यांना अशीच साखरेची पुडी सीमेपलीकडच्या एका गावातून आणून देत होते. काही महिन्यांनी पोटात असह्य कळा, बद्धकोष्ठ आणि रक्त कमी, असे सुरू झाले. आतड्याचा विकार समजून बऱ्याच तपासण्या झाल्या. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी हिरडीवरची निळसर रेघ पाहिली आणि सरळ विचारले, "काही देशी औषध चालू आहे का?" रक्तातले शिसे तपासले तेव्हा उलगडा झाला. पुडी बंद करून उपचार झाले आणि ते सावरले. पुडीवर नाव नाही, परवाना नाही, पावती नाही, त्यामुळे तक्रार कुठे आणि कोणाविरुद्ध करायची हा प्रश्न तसाच राहिला. वस्तू महाराष्ट्रातली, रोगी कर्नाटकातला. सीमाभागातल्या माणसाला सातबारापासून औषधापर्यंत दोन्हीकडे हेलपाटे चुकत नाहीत.

हुक्केरीकर
शिश्याचे ऐकून मीही चपापलो. पण सैंधवाचे काय? घरात आम्ही पांढरे मीठ पूर्ण बंद करून गुलाबी मीठच वापरतो. त्यात ८४ खनिजे असतात म्हणे.

निपाणीचा_औषधवाला
गुलाबी मिठातही ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असते. रंग लोहाच्या अंशामुळे येतो आणि ते लोह एवढे कमी असते की गरज भागण्याइतके मिळवायचे म्हटले तर मिठानेच माणूस आडवा होईल. खरी अडचण आयोडीनची आहे. आपल्या देशात खाण्याच्या मिठात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत किमान १५ भाग प्रति दशलक्ष आयोडीन असावे असा नियम आहे. साध्या सैंधवात ते नसते. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका. चवीला, उपवासाला सैंधव चालेल.
"कमी सोडियमचे" म्हणून मिळणारे मीठ हा आणखी वेगळा प्रकार. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. रक्तदाबाच्या अनेक रोग्यांना ते हितकर आहे, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना घातक ठरू शकते. खानापूरच्या ताईंनी स्वयंपाकघरातली मिठाची पिशवी एकदा उलटून पाहावी.

अंगणवाडी_गोकाक
धागा वाचून राहवले नाही. आमच्याकडे गरोदर बाया लोहाच्या लाल गोळ्या घरी नेतात आणि डब्यात ठेवतात. त्याऐवजी माहेरून आलेले कसलेसे "लोहाचे टॉनिक" घेतात. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, किमान १८० दिवस रोज एक. टॉनिकच्या चमच्यात किती लोह आहे ते बाटलीवर शोधून सापडत नाही. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून बाया घाबरतात. काळे होणे हे गोळीतल्या लोहामुळेच असते, त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळी रात्री घेतली, सोबत लिंबू किंवा आवळा घेतला आणि चहा तासाभराने पुढे ढकलला तर बऱ्याच जणींना सोसते. गोळी अजिबात सोसत नसेल तर शिरेतून लोह देण्याची सोय आता झाली आहे. त्यावर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयही होते.
एक विनंती. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मूठभर गोळ्यांनी लहान मुलाचा जीव जाऊ शकतो.

खानापूरची_सून
सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी थेंब पूर्ण बंद करायला सांगितले आणि रक्तातले पोटॅशियम, मॅग्नेशियम व ड जीवनसत्त्व तपासायला दिले. मॅग्नेशियम वरच्या मर्यादेच्या किंचित पुढे आले आहे. ते धोक्याच्या पातळीला गेलेले नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू, असे ते म्हणाले. ड जीवनसत्त्व मात्र खूपच कमी निघाले. गुडघ्यांच्या दुखण्याचा काही भाग त्यामुळे असू शकेल आणि ते कमी असताना कितीही कॅल्शियम घेतले तरी नीट शोषले जात नाही, असे डॉक्टरांनी समजावले. चुन्याचा हिशेब सासूबाईंना कागदावर मांडून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण डबी शेजारी परत गेली आहे.
दोन प्रश्न उरले आहेत. सकाळी थायरॉईडची गोळी असते, मग कॅल्शियम कधी द्यावे? आणि आंबील त्यांना फार आवडते, ती क्रिएटिनिन वाढलेले असताना चालेल का?

निपाणीचा_औषधवाला
थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून किमान चार तास दूर ठेवा, म्हणजे कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर येईल. लोह चालू असेल तर ते रात्री, कारण कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर लोह कमी शोषले जाते. ताक-दूधही थायरॉईडच्या गोळीला लागून नको. थेंबांची बाटली टाकून देऊ नका. पावती असेल तर दोन्हींचे फोटो काढून अन्नसुरक्षा विभागाकडे तक्रार करता येते. नात्यामुळे ते अवघड वाटत असेल तर निदान त्या बाईंना रिपोर्ट दाखवा. त्याही बहुधा विश्वासानेच विकत असतील आणि त्यांच्या यादीत मूत्रपिंडाचे आणखी रोगी असतील.

अथणीची_शिक्षिका
आंबिलीचे मीच सुचवले होते, म्हणून उत्तर देते. मी लिहिलेले आकडे निरोगी माणसासाठी आहेत. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते आणि नाचणीत ती दोन्ही आहेत. क्रिएटिनिन थोडेसेच वाढलेले असेल तर वाटीभर आंबील सहसा बंद करायला सांगत नाहीत, पण पोटॅशियमचा रिपोर्ट हाती आलाच आहे, तर तो आहारतज्ज्ञांना दाखवून प्रमाण ठरवा. ताकही त्याच हिशेबात धरा आणि आंबिलीत मीठ बेताचेच घाला.

हुक्केरीकर
मीही क्रिएटिनिन करून घेतो आहे. तपासणी उपाशीपोटी करावी लागते का?

निपाणीचा_औषधवाला
नुसत्या क्रिएटिनिनला उपाशी राहण्याची गरज नाही. आदल्या रात्री मटण मात्र भरपेट खाऊ नका, त्याने आकडा थोडा वर दिसतो. आणि रक्त देताना थेंब घेत असल्याचे सांगा, म्हणजे डॉक्टर मॅग्नेशियमही लिहून देतील.